लाकडी ठोकळा, उपयोग माहीत नाही

लांब शिडी कुणाकडे आहे, असं अध्यक्षांनी भर बैठकीत विचारलं आणि निरीक्षकांना उत्तर देता आलं नाही. इथून सगळ्याला सुरुवात झाली.

उत्तर न येणं निरीक्षकांच्या अंगवळणी पडलेलं नव्हतं. त्यांची उभी नोकरी वजनमापं तपासण्यात गेली होती. ते दुकानात शिरले की दुकानदार आपोआप उभा राही आणि तराजूचा काटा जरा कलला की निरीक्षकांची डावी भुवई वर चढे. निवृत्त होताना त्यांनी शिक्के, मापं, ओळखपत्र सगळं खात्याला परत केलं. भुवई मात्र घरी आणली. सोसायटीतले लोक त्यांना तोंडावर 'निरीक्षकसाहेब' म्हणत आणि पाठीमागे 'काटा'. असा हा माणूस त्या दिवशी चारचौघांत म्हणाला, "शिडी... असेल कुणाकडे तरी." 'कुणाकडे तरी' हे ठिकाण त्यांनी त्याआधी कधी मान्य केलं नव्हतं.

"हेच म्हणतोय मी," अध्यक्ष म्हणाले. "अवजारखोलीत अवजारंच नसतात, तर खोली हवी कशाला? वार्षिक सभेपर्यंत एकूण एक अवजार कुठे आहे ते दाखवा. नाही जमलं, तर खोलीची पार्किंगकडची भिंत पाडू. एक गाडी आरामात उभी राहील."

कुणाची गाडी, हे ते बोलले नाहीत. नवी गाडी सोसायटीत त्या महिन्यात एकानेच घेतली होती.

अवजारखोली निरीक्षक आणि शेजारचे सुतार या दोघांनी मिळून उभी केली होती. घरोघरी एकेक ड्रिल घेऊन ठेवायचं आणि वर्षातून एकदा एक भोक पाडायचं, हा सुतारांना शुद्ध वेडेपणा वाटे. एक असावं, सगळ्यांनी वापरावं. खोलीच्या भिंतीवर खिळे होते, खिळ्यांवर अवजारं होती आणि ज्याने अवजार नेलं त्याने त्या खिळ्याखाली खडूने आपलं नाव लिहायचं, ही सुतारांची पद्धत. ती उत्तम चालली. मग गेल्या वर्षी सुतार अचानक गेले. त्यांच्या बायकोने, म्हणजे सुतारवहिनींनी, त्यांची पेटीच्या पेटी खोलीला देऊन टाकली. त्यानंतर अध्यक्षांनी इमारतीचं रंगकाम काढलं आणि रंगाऱ्याने खोलीच्या भिंतीवरही एक हात मारला. सगळी नावं पांढऱ्या रंगाखाली गेली. आता ज्याच्याकडे जे होतं ते त्याचंच झालं होतं.

"डेटाबेस करा," तळमजल्यावरचे औषधवाले म्हणाले. "माझ्या दुकानात आहे. बटण दाबलं की कुठली गोळी कुठल्या फळीवर, लगेच कळतं."

"अवघड असतं का हो?"

"छे! आमचा तर माणूस येऊन बसवून गेला."

निरीक्षकांनी यातला 'छे' तेवढा ऐकला.

दुसऱ्याच दिवशी ते संगणकासमोर बसले. संगणकाच्या टेबलाबद्दल इथे दोन शब्द सांगायला हवेत. ते टेबल जुन्या कचेरीच्या लिलावातलं, भारी लाकडाचं, पण भिंतीकडचा मागचा एक पाय खालून चार बोटं तुटलेला. सुतार हयात असताना, एकदा निरीक्षक घरी नव्हते तेव्हा, सुतारांनी येऊन त्या पायाखाली फडक्यात गुंडाळून काहीतरी सरकवलं होतं आणि निरीक्षकांच्या बायकोला सांगून गेले होते, "आत्तापुरतं राहू द्या वहिनी, उद्या नीट करून देतो." त्या रात्री त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. उद्या काही आला नाही. टेबल उभं होतं, पण एका अंगाला किंचित कललेलं. त्यावर ठेवलेली पेन्सिल न चुकता घरंगळून खाली पडे. आयुष्यभर लोकांचे तराजू सरळ करणाऱ्या माणसाला हे सोसत नव्हतं. तरी त्यांनी दुसऱ्या सुताराला बोलावलं नाही आणि का नाही, हे बायकोने विचारलं नाही.

तर डेटाबेस. तो संगणकात उतरवून घेण्याचं काम निर्विघ्न पार पडलं. पासवर्ड मागितला तेव्हा निरीक्षकांनी कुणालाही कधीच ओळखता येणार नाही असा एक पासवर्ड दिला. सकाळी तो त्यांनाही ओळखता येईना. यंत्राने उत्तर दिलं, की प्रवेश नाकारला आहे, पासवर्ड वापरला : होय. त्यातलं 'होय' त्यांना विशेष झोंबलं. दिला होता हे मान्य, पण चुकीचा होता, असं इतक्या थंडपणे त्यांनीही कुठल्या दुकानदाराला सुनावलं नव्हतं.

सगळं काढून पुन्हा घातलं. आता यंत्र म्हणालं, पलीकडे कुणी उत्तर देत नाही.

"बंद करून चालू करा," औषधवाले म्हणाले.

निरीक्षकांनी संगणक बंद करून चालू केला. बंद करून, थोडं थांबून चालू केला. प्लग काढून, पुसून, पुन्हा लावून चालू केला. बायको स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात फोनवर बोलली आणि बाहेर येऊन भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, डेटाबेस नुसता घातला म्हणून चालू होत नाही म्हणे. त्याची सेवा वेगळी सुरू करावी लागते."

"कोण म्हणे?"

"जावई. मी नाही विचारलं. त्यांनीच सहज विषय काढला."

जावई संगणकातलेच होते. पण सासऱ्याने जावयाला विचारायचं, हे निरीक्षकांच्या मापात बसत नव्हतं. मुलगी दिली, तेवढं पुरे होतं.

सेवा सुरू झाली. निरीक्षकांनी पुस्तकात पाहून पहिली आज्ञा टंकली : अवजारे नावाचा तक्ता तयार कर. बटण दाबलं. यंत्राने खालच्या ओळीवर एक छोटा बाण दाखवला आणि ते गप्प झालं. निरीक्षकही गप्प बसले. मोठं काम आहे, वेळ लागणार. त्यांच्या खात्यात साधा शिक्का मंजूर व्हायला हंगाम उलटत असे. त्यांनी वर्तमानपत्र वाचलं, शब्दकोडं सोडवलं, उन्हं कलली. बाण होता तिथेच.

"काय करतंय ते?" बायकोने विचारलं.

"विचार करतंय."

बायको आत गेली, फोनवर बोलली, बाहेर आली. "अहो, शेवटी अर्धविराम द्यायचा राहिला असेल. तो दिला नाही तर त्याला वाटतं, तुमचं बोलणं अजून संपायचंय. ते तुमची वाट बघत थांबलंय."

म्हणजे दुपारभर दोघं एकमेकांची वाट बघत बसले होते. निरीक्षकांनी अर्धविराम दिला आणि तक्ता डोळ्याचं पातं लवायच्या आत तयार झाला. "मला माहीत होतं," ते म्हणाले. "यंत्राला धीर किती आहे ते बघत होतो."

तक्त्यात रकाने तीन : अवजार, उपयोग, कुठे आहे. निरीक्षक खोलीत बसून एकेक वस्तू हातात घेत आणि घरी येऊन टंकत. करवत, पटाशी, कानस, पक्कड, पाणसळ, गिरमिट. जी जागेवर नव्हती ती आठवून लिहीत. एका खिळ्यापाशी ते थांबले. तो सुतारांच्या छोट्या रंध्याचा खिळा, पेटी आली त्या दिवसापासून रिकामा होता. रंध्याची नोंद केली आणि 'कुठे आहे'चा रकाना मोकळा सोडला. आणि पेटीच्या तळाशी एक लाकडाचा ठोकळा निघाला. चार बोटं उंच, गुळगुळीत घासलेला, वरच्या अंगाला चौकोनी खाच. तो नेमका कशाचा, हे कुणालाच सांगता येईना.

"टाकून द्या," तिथे डोकावलेले अध्यक्ष म्हणाले. "ही असली लाकडं सांभाळायला खोली हवी का तुम्हाला?"

"इतकं मन लावून केलेलं लाकूड टाकाऊ नसतं," निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी नोंद केली : लाकडी ठोकळा. उपयोगाच्या रकान्यात काय घालावं? माहीत नसलेलं लिहिणं म्हणजे खोटं वजन. तोही रकाना त्यांनी रिकामा ठेवला.

सगळं टंकून झालं, बॅकअपही घेतला आणि मग त्यांनी मोठ्या समाधानाने यंत्राला अवजारं दाखवायला सांगितलं. यंत्राने दाखवली. पहिल्या ओळीत चार प्रश्नचिन्हं, दुसऱ्या ओळीत पाच, तिसऱ्या ओळीत पुन्हा चार. शेवटपर्यंत नुसती प्रश्नचिन्हं. इतक्या अवजारांबद्दल इतके प्रश्न त्यांना कुणी विचारले नव्हते.

"तक्त्याला मराठी येत नाही," बायकोने स्वयंपाकघरातून निरोप आणला. "आधी सांगावं लागतं, की मराठी अक्षरं येणार आहेत. म्हणजे नव्याने करायला लागेल."

"बॅकअप आहे माझ्याकडे."

बॅकअप उघडला. त्यातही तीच प्रश्नचिन्हं, अगदी सुरक्षित ठेवलेली.

निरीक्षकांनी सगळं पुन्हा टंकलं. त्या दिवसांत ते जेवताना बोलत नसत. बायकोला त्यांची काळजी वाटू लागली होती. खोली गेली तर हा माणूस सकाळी उठून जाणार कुठे, हा तिचा खरा प्रश्न होता. सुतार गेल्यावर त्यांचे दुसरे कुणी मित्र उरले नव्हते. म्हणून तिने जावयाकडून लांबूनच एक सोय करून घेतली : ज्याच्याकडे अवजार असेल त्याला रोज सकाळी फोनवर निरोप जाईल, 'आपल्याकडे अमुक अवजार आहे, कृपया परत करावे,' आणि त्याची प्रत सोसायटीच्या ग्रुपवर. निरीक्षकांनी ही सोय न बोलता स्वीकारली.

सभा जवळ आली आणि शिडी सापडली. म्हणजे दिसली. अध्यक्षांच्या मागच्या गॅलरीत ती आडवी बांधलेली होती आणि तिच्यावर चादरी वाळत होत्या. निरीक्षक जिना न चढता आल्यासारखे घरी पोचले.  त्यांनी आज्ञा टंकली : अवजारे या तक्त्यात बदल कर, 'कुठे आहे' म्हणजे 'अध्यक्ष'. अर्धविराम आठवणीने दिला. त्या अर्धविरामाचा त्यांना इतका अभिमान वाटला की बाकी काही राहिलं असेल, असं मनातही आलं नाही. यंत्राने पुष्कळ ओळी बदलल्याचं कळवलं. निरीक्षकांना वाटलं, शिडी लांब आहे.

कुठल्या अवजाराचं ठिकाण बदलायचं, हे सांगायचंच राहिलं होतं.

सकाळी अध्यक्ष दाढी करत असताना त्यांचा फोन वाजला. 'आपल्याकडे करवत आहे, कृपया परत करावी.' ते फोन पुसून ठेवतात तोवर पटाशी. मग कानस, पक्कड, गिरमिट, छोटी हातोडी, मोठी हातोडी. प्रत्येक निरोपाची प्रत ग्रुपवर पडत होती. चहा होईपर्यंत सगळ्या सोसायटीला कळलं, की अवजारखोली रिकामी का आहे.

"अहो, मला पाइपपाना हवा होता, वर्षभर शोधतेय," दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिका अध्यक्षांच्या दारात म्हणाल्या.

"माझ्याकडे नाहीये!"

"निरोप आलाय ना."

अध्यक्ष तरातरा निरीक्षकांकडे आले. "काढून टाका ते! आत्ताच्या आत्ता!" निरीक्षकांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की कसं काढायचं ते त्यांना अजून माहीत नाही. अध्यक्षांना ते खरं वाटलं नाही. मग त्यांनी आपली अब्रू आपणच सोडवायचं ठरवलं आणि दारोदार हिंडायला लागले. जो माणूस खोली पाडायला निघाला होता तोच आता लोकांच्या माळ्यांवर चढून, पलंगाखाली वाकून अवजारं बाहेर काढत होता. दंतवैद्यांकडे मोठी पक्कड निघाली. ती दवाखान्यात नव्हती, घरी होती, हे त्यांनी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं. काहींनी लाजेपायी अवजारं गुपचूप अध्यक्षांच्याच दाराबाहेर आणून ठेवली. त्यामुळे निरोप खरे ठरायला लागले आणि अध्यक्षांच्या नाकी नऊ आले. शेवटी त्यांनी चादरी काढल्या आणि शिडीही स्वतः खांद्यावर घेऊन खाली आणली.

इकडे निरीक्षकांनी मान खाली घालून जावयाला फोन लावला. पहिल्यांदाच, स्वतःच्या हाताने.

"सहज फोन केला," ते म्हणाले. "तब्येत बरी ना? ...एक विचारायचं होतं. समजा, एखाद्या माणसाने सगळ्याच ओळी बदलल्या."

 जावई हसत होते की काय, कळलं नाही. "बाबा, व्हेअर राहिला असेल. कुठली ओळ, ते सांगायचं राहिलं की यंत्र सगळ्या ओळी बदलतं. माझ्याकडून नोकरीच्या पहिल्याच महिन्यात झालं होतं. कंपनीची सगळी गिऱ्हाइकं एकाच घरात राहायला गेली होती."

निरीक्षकांना हा जावई त्या दिवशी प्रथमच मनापासून आवडला.

दोघांनी मिळून 'कुठे आहे'चा रकाना सगळाच्या सगळा रिकामा केला आणि निरीक्षकांनी खोलीत जाऊन, वस्तू हातात धरून, एकेका ओळीपुढे 'खोली' लिहिलं. सभेच्या सकाळी त्यांनी यंत्राला विचारलं, की ज्याचं ठिकाण रिकाम्याच्या बरोबर आहे अशी अवजारं दाखव. यंत्र म्हणालं, एकही नाही. ते खाली धावले आणि खोलीच्या दारात उभ्या असलेल्या सुतारवहिनींना म्हणाले, "वहिनी, एकूण एक आलं!"

वहिनींनी भिंतीकडे पाहिलं. "त्यांचा रंधाही आला?"

खिळा रिकामाच होता. निरीक्षकांचा चेहरा पडला. वहिनी म्हणाल्या, "राहू दे भाऊजी. मी आपलं विचारलं." आणि त्या खुर्च्या मांडायला गेल्या. पण निरीक्षकांच्या ते वर्मी लागलं. शिडी मिळाली, पक्कड मिळाली आणि ज्याची खोली त्याचाच रंधा नाही. एक अवजार कमी म्हणजे कमीच, असं अध्यक्ष धरणार होते. धरायलाच हवं होतं. निरीक्षकांनी स्वतः कधी कुणाला एक गुंज सोडली नव्हती.

घरी येऊन त्यांनी पुन्हा फोन लावला. या वेळी तब्येत विचारली नाही.

"बाबा, रिकाम्याच्या 'बरोबर' असं विचारू नका," जावई म्हणाले. "तो रकाना शून्य नसतो, कोराही नसतो. त्याचा अर्थ, 'माहीत नाही'. आणि जे माहीत नाही ते कशाच्याच बरोबर आहे असं म्हणता येत नाही. दुसऱ्या 'माहीत नाही'च्याही नाही. 'माहीत नाही असं आहे का,' एवढंच विचारायचं. इज नल."

निरीक्षकांनी तसं विचारलं. कुठे आहे, माहीत नाही : रंधा. मग, काम अर्धवट सोडायची सवय नाही म्हणून, दुसरा रकानाही विचारला. उपयोग, माहीत नाही : लाकडी ठोकळा.

पडद्यावर दोन ओळी होत्या. दोन्ही सुतारांच्या.  एवढा जवळचा माणूस आणि त्याच्याबद्दलच्याच दोन गोष्टी आपल्याला माहीत नाहीत, याचं निरीक्षकांना फार वाईट वाटलं. त्यांनी डोळे पुसायला चष्मा काढला, तेवढ्यात पेन्सिल घरंगळली आणि टेबलामागे पडली.

ते गुडघे टेकून टेबलाखाली शिरले. पेन्सिल मागच्या पायाशी अडकली होती, त्या फडक्याच्या गुंडाळीला लागून. बोटांना फडक्याआडून काहीतरी गार लागलं. लोखंडाचं पातं. त्यांनी फडकं सारलं. आत लाकूड होतं, हाताच्या घामाने काळसर झालेलं, आणि मूठ त्यांच्या चांगली ओळखीची होती.

"अगं," ते टेबलाखालूनच म्हणाले. "टेबल धर."

"काय झालं?"

"तू आधी धर. दोन्ही हातांनी."

बायकोने टेबल धरलं. निरीक्षकांनी रंधा काढला आणि कपड्यांना लागलेली धूळ न झटकताच ते खाली निघाले. चौकात सभा भरली होती. अध्यक्ष उभे राहून सांगत होते, की प्रश्न एका रंध्याचा नसून तत्त्वाचा आहे. तेवढ्यात रंधा छातीशी धरलेले निरीक्षक खुर्च्यांमधून आले.

"कुणाकडे होता?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझ्याकडे," निरीक्षक म्हणाले. "माझ्या टेबलाखाली. ज्या टेबलावर बसून मी तो शोधत होतो."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" दंतवैद्य म्हणाले. लोक हसले. निरीक्षकांची भुवई जागची हलली नाही. त्यांनी खोलीत जाऊन रंधा खिळ्याला लावला, कोपऱ्यातला ठोकळा उचलला आणि ते पुन्हा जिन्याकडे वळले.

"अहो, सभा चालू आहे!" अध्यक्ष ओरडले. "तुमच्याच खोलीचा ठराव आहे!"

"सभा थांबेल," निरीक्षक म्हणाले. "माझी बायको टेबल धरून उभी आहे."

सुतारवहिनींनी त्यांच्या हातातला ठोकळा पाहिला आणि त्याही उठून मागोमाग गेल्या. वर बायको दोन्ही हातांनी टेबल तोलून, लाल होऊन उभी होती. निरीक्षकांनी खाली वाकून तुटका पाय खाचेत बसवला. तो असा बसला की मध्ये कागद शिरला नसता.

"त्याच दिवशी केला असणार," वहिनी हळूच म्हणाल्या. "घरी आल्यावर रात्री जेवणाआधी घासत बसले होते. काय आहे विचारलं, तर म्हणाले, उद्या द्यायचंय."

 बायकोने पेन्सिल उचलून टेबलाच्या मधोमध ठेवली. ती राहिली तिथेच.

सभेने खोली ठेवली. अध्यक्षांनीही हात वर केला. दारोदार हिंडून जमवलेली ती अवजारं आता त्यांना आपलीच वाटायला लागली होती. गाडी उन्हातच राहिली.

घर शांत झाल्यावर निरीक्षक पुन्हा यंत्रापुढे बसले. रंध्यापुढे 'खोली' लिहिलं. मग ठोकळ्याची ओळ घेतली. उपयोग : टेबलाचा पाय. कुठे आहे : निरीक्षकांकडे. थोडं थांबून त्यांनी खाली अर्धविराम दिला.

बायको मागे उभी होती. "व्हेअर लिहिलंत?"

त्यांनी वरच्या ओळीत तपासलं. लिहिला होता. त्यांनी बटण दाबलं आणि यंत्राने लगेच कळवलं : एक ओळ बदलली.